इनामगाव : गुरू, शिष्य आणि त्यांचे मंडळ

शिरूर आणि दौंड या तालुक्यांची नावे घेतली की रांजणगावचा गणपती, कोरेगाव भीमाचा स्तंभ, वढू बुद्रुकची समाधी, दौंडचे रेल्वे जंक्शन, भीमाकाठचा ऊस आणि अलीकडच्या काळातील रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहती आपल्या नजरेसमोर येतात. याच मुलखात, घोडनदीच्या उजव्या काठावर वसलेल्या शिरूर तालुक्यातील इनामगाव या खेड्यात १९६८ ते १९८३ या काळात बारा हंगाम विद्येचे एक मोठे काम चालले होते, याची जाणीव मात्र फार थोड्यांना आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तेथे उत्खनन केले. महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांचे जीवन जगापुढे आले ते त्या उत्खननातून.

या उत्खननाचा साद्यंत वृत्तांत देण्याचा आमचा हेतू नाही. तो तज्ज्ञांनी दिलेला आहे. आमचे लक्ष त्या कामाच्या पाठीमागे असलेल्या माणसांकडे, विशेषतः गुरू आणि संशोधक विद्यार्थी यांच्यातील नात्याकडे आहे. पीएच.डी.च्या प्रबंधावर एकाच विद्यार्थ्याचे नाव असते. त्याखाली मार्गदर्शकाचे नाव येते. या दोन नावांच्या आड एक मंडळ उभे असते आणि ते वेळच्या वेळी जमत राहिले तरच प्रबंध तडीस जातो, असा आमचा समज इनामगावच्या इतिहासाने दृढ केला आहे.

हा विषय आपल्या कुटुंबांच्या त्रैमासिकात घेण्यास कारणही आहे. गेल्या पिढीत आपल्या धर्मग्रामांतून पदवीधर निघाले. या पिढीत मुलेमुली पदव्युत्तर शिक्षण संपवून पीएच.डी.साठी नाव नोंदवू लागली आहेत. घरातील मंडळींना त्यांचा अभिमान वाटतो. परंतु त्या वाटेवर नेमके काय घडते, हे घरी कोणाला ठाऊक नसते. वर्ग नाहीत, वेळापत्रक नाही, दरवर्षीची परीक्षा नाही. "अजून तुझे शिक्षण संपले नाही का?" हा प्रश्न मात्र प्रत्येक सणाला कानी पडतो. अशा विद्यार्थ्याचे मन हळूहळू खचत जाते. एकटेपणामुळे अर्ध्यावर राहिलेले प्रबंध आम्ही पाहिले आहेत. त्या मुलांची बुद्धी कमी पडली होती, असे आम्ही म्हणणार नाही.

रोपवाटिका

"सेमिनार" आणि "सेमिनरी" हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन शब्दापासून आले आहेत. "सेमिनारिउम" म्हणजे रोपवाटिका. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली धर्मगुरूंच्या प्रशिक्षणासाठी सेमिनरी स्थापण्याचा ठराव केला. पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मन विद्यापीठांनी संशोधनाच्या शिक्षणासाठी हाच शब्द स्वीकारला. बर्लिनमध्ये लिओपोल्ड फॉन रांके हा इतिहासकार निवडक विद्यार्थ्यांना स्वतःच्या घरी बोलावीत असे. मूळ कागदपत्र सर्वांसमोर ठेवून ते कितपत विश्वासार्ह आहे, याची चिकित्सा तेथे होई. व्याख्यान ऐकणारा विद्यार्थी तेथे शंका विचारणारा आणि सहकाऱ्याच्या विधानाचा आधार मागणारा अभ्यासक बनत असे. ही पद्धत पुढे अमेरिकेत गेली. १८७६ साली सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने तिला पदव्युत्तर शिक्षणात मध्यवर्ती स्थान दिले.

येशूसंघीयांच्या शिक्षणात हा विचार त्याहूनही जुना आहे. १५९९ साली त्यांच्या विद्यालयांसाठी "रात्सिओ स्तुदिओरुम" ही शिक्षणसंहिता तयार झाली. ऐकलेल्या पाठाची उजळणी विद्यार्थ्यांनी एकत्र बसून करावी, ठरावीक काळाने वादसभा भरवावी, एकाने सिद्धांत मांडावा, दुसऱ्याने त्यावर आक्षेप घ्यावेत आणि अध्यापकाने शेवटी निर्णय द्यावा, असे नियम तीत आहेत. विद्या एकट्याने कमवायची असली तरी तिची पारख इतरांसमोर व्हावी, हे या नियमांचे मर्म आहे. ज्या धर्मगुरूमुळे ही शिस्त महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनात आली, त्यांच्याकडे आता वळू.

फादर हेरास यांचे विद्यार्थी

फादर हेन्री हेरास हे येशूसंघीय धर्मगुरू १८८८ साली स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतात जन्मले आणि १९२२ साली मुंबईस आले. सेंट झेवियर्स महाविद्यालयात ते इतिहास शिकवू लागले. भारताचा इतिहास परक्यांच्या ग्रंथांवरून पाठ करण्याऐवजी शिलालेख, ताम्रपट, नाणी, शिल्पे आणि कागदपत्रे यांवरून भारतीय विद्यार्थ्यांनी स्वतः लिहावा, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी १९२६ साली त्यांनी इंडियन हिस्टॉरिकल रिसर्च इन्स्टिट्यूट ही संस्था काढली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिला ग्रंथालय आणि संग्रहालय जोडलेले असल्याने विद्यार्थ्याला साधने एकाच छताखाली मिळत. मार्गदर्शक जवळ असे आणि शेजारच्या मेजावर दुसरा विद्यार्थी दुसऱ्या विषयात गुंतलेला असे. विद्यार्थ्यांचे प्रबंध संस्थेच्या ग्रंथमालेतून छापले जात. जॉर्ज मोराएस यांचा कदंब राजवंशावरील ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. याच मोराएस यांनी पुढे, १९६४ साली, भारतातील ख्रिस्ती धर्माच्या इतिहासाचा मोठा खंड लिहिला.

हेरास यांच्या विद्यार्थ्यांत हसमुख धीरजलाल सांकलिया हे एक होते. त्यांचा जन्म १९०८ साली मुंबईत झाला. एम.ए.साठी त्यांनी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला आणि तो १९३४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. या विषयाची निवड आम्हाला अर्थपूर्ण वाटते. नालंदा हे गुरू आणि शिष्य एकत्र राहून शिकण्याचे स्थान होते. तेथील वादसभांचे वर्णन चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग याने करून ठेवले आहे. पुढे आयुष्यभर शिष्यांच्या मेळ्यात राहिलेल्या सांकलियांचा पहिला ग्रंथ अशा संस्थेविषयी असावा, हा चांगला योग म्हणावा लागेल.

डॉक्टरेटसाठी सांकलिया लंडनला गेले. तेथे मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली मेडन कासल येथील उत्खननात त्यांनी काम केले. व्हीलर यांचे उत्खनन म्हणजे एक प्रकारची पाठशाळाच होती. सारखे चौरस आखून खड्डे घ्यायचे, दोन खड्ड्यांमध्ये मातीची भिंत सोडायची, त्या भिंतीत दिसणाऱ्या थरांना क्रमांक द्यायचे आणि प्रत्येक वस्तू कोणत्या थरात सापडली त्याची नोंद ठेवायची, ही त्यांची पद्धत. या शिस्तीत एका खड्ड्यावरचा विद्यार्थी शेजारच्या खड्ड्याशी बोलल्याशिवाय पुढे जाऊच शकत नाही. माझा तिसरा थर तुझ्याकडे चौथा कसा, हा प्रश्न दोघांना मिळून सोडवावा लागतो. हेरास यांच्याकडून मूळ साधनांविषयीची निष्ठा आणि व्हीलर यांच्याकडून शिस्तबद्ध सहकार्य, अशी दुहेरी शिदोरी घेऊन सांकलिया परतले.

एकेकाला एकेक नदी

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा उगम १८२१ च्या संस्कृत पाठशाळेत आहे. १९३४ साली ते बंद पडले आणि १९३९ च्या ऑगस्टमध्ये पदव्युत्तर शिक्षण व संशोधन यांची संस्था म्हणून पुन्हा उघडले. सांकलिया तेथे अध्यापक झाले. भाषाशास्त्राचे सु. मं. कत्रे आणि समाजशास्त्राच्या इरावती कर्वे यांच्यासारखे विद्वान त्यांचे सहकारी होते. पुढे १९४८-४९ च्या सुमारास पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि पीएच.डी.चे विद्यार्थी वाढू लागले.

सांकलियांनी या विद्यार्थ्यांना विषय वाटून देण्याची एक रीत बसवली. एकेका विद्यार्थ्याने एकेका प्रदेशाचे किंवा नदीखोऱ्याचे पायी फिरून सर्वेक्षण करावे आणि त्यावर प्रबंध लिहावा. बेंदापुडी सुब्बाराव यांनी बेल्लारी परिसरातील अश्मयुगाचा अभ्यास केला. तो ग्रंथ १९४८ साली निघाला. र. वि. जोशी यांनी मलप्रभेचे खोरे घेतले, वीरेंद्रनाथ मिश्र यांनी दक्षिण राजस्थानातील बेडचचे, तर के. पद्दय्या यांनी कर्नाटकातील शोरापूर दोआबाचे. एस. एन. राजगुरू यांनी १९७० साली पुणे विद्यापीठास सादर केलेला प्रबंध तर आपल्या घरच्या नदीवर, मुळा-मुठेच्या खोऱ्यावर होता. ही नदी पुण्यातून निघून हवेली आणि दौंड तालुक्यांतून वाहत येते आणि शिरूर-दौंडच्या सीमेवर रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. आपण रोज पाहतो त्या नदीच्या दरडींत वाळू, गाळ आणि गोटे यांचे थर कसे रचले गेले आणि त्यांवरून हजारो वर्षांपूर्वीच्या पाऊसमानाविषयी काय कळते, हे राजगुरूंनी वाचून दाखवले.

वरवर पाहता ही कामाची विभागणी वाटते. तिचा खरा उपयोग तुलनेत आहे. मलप्रभेच्या दरडीत दिसलेला थर मुळा-मुठेच्या दरडीतील थराशी जुळतो का, बेडचकाठची दगडी हत्यारे दख्खनच्या हत्यारांसारखी आहेत का, हे प्रश्न एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात सुटत नाहीत. दोघांनी आपापली पोतडी एका मेजावर रिकामी केली तरच ते सुटतात. प्रत्येकाला स्वतःची नदी असल्याने कोणी कोणाचा प्रतिस्पर्धी उरला नाही. आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असल्याने प्रत्येकाला इतरांची गरज पडत गेली. मार्गदर्शकाची दूरदृष्टी ती हीच, असे आम्हाला वाटते. विषयवाटप करतानाच त्याने शिष्यांच्या बैठकीची पायाभरणी केली होती.

इनामगावची पांढर

जुन्या वस्तीच्या राखाडी-पांढुरक्या मातीला आपल्याकडे पांढर म्हणतात. शेतकरी ती खत म्हणून शेतात नेऊन टाकतात. इनामगावच्या पांढरीच्या पाच टेकाडांखाली ताम्रपाषाण काळातील गाव दडलेले होते. सांकलिया, झेड. डी. अन्सारी आणि मधुकर केशव ढवळीकर यांच्या नेतृत्वाखाली ते उघडण्यात आले. त्यापूर्वीच्या अनेक उत्खननांत उभे खोल खड्डे घेऊन "कोणत्या काळी कोण होते" एवढेच विचारले जाई. इनामगावला आडवे, विस्तृत खोदकाम करून "हे लोक कसे राहत, काय खात, कशाला भीत" असे प्रश्न विचारले गेले.

उत्तरे विपुल मिळाली. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या नऊशे वर्षांत तेथे तीन कालखंड होऊन गेले : माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे. जोर्वे हे नाव संगमनेरजवळच्या गावाचे. तेथे १९५०-५१ साली उत्खनन झाले होते. इनामगावला १३० हून अधिक घरांचे अवशेष आणि अडीचशेहून अधिक दफने सापडली. मुलांना बहुधा तोंडाला तोंड लावलेल्या दोन मातीच्या कुंभांत घालून घराच्या जमिनीखाली पुरीत. प्रौढांना उताणे निजवून पुरीत आणि त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले असत. पूर्व जोर्वे काळात पाच खोल्यांचे एक मोठे घर होते आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार होते. पुराच्या पाण्यासाठी बांध आणि पाट काढलेला होता. कुंभार, सोनार, चुना भाजणारा अशा कारागिरांची घरे वस्तीच्या पश्चिम कडेला होती. मातीच्या एका लहानशा पेटीत शिर नसलेली देवीची मूर्ती मिळाली.

ही सर्व माहिती एका माणसाच्या डोक्यातून निघणे अशक्य होते. जळलेले दाणे पाहून जव, गहू, मसूर, कुळीथ ओळखण्याचे काम मुकुंद काजळे यांनी केले. गुरे, शेळ्यामेंढ्या आणि हरणे यांची हाडे पी. के. थॉमस यांनी तपासली. मानवी सांगाड्यांचा अभ्यास अमेरिकन मानवशास्त्रज्ञ जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी केला. त्यांचा खंड १९८६ साली प्रसिद्ध झाला. दरडींतील थर वाचणारा, खापरांचे आकार ओळखणारा आणि घरांचे नकाशे काढणारा असे आणखी किती तरी हात त्यात होते.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. उत्तर जोर्वे काळात, म्हणजे इ. स. पू. १००० नंतर, चौकोनी प्रशस्त घरे नाहीशी होऊन लहान गोल झोपड्या आल्या, हे नकाशाकाराला दिसले. शिकारीच्या प्राण्यांचा वाटा वाढला, हे हाडे पाहणाऱ्याला दिसले. शेती आखडली, असे धान्य पाहणारा म्हणाला. यांतील प्रत्येक निरीक्षण सुटे ठेवले तर ती एक कोरडी नोंद आहे. तिघांनी एकत्र बसून आपापली नोंद वाचली, की ओढग्रस्त झालेल्या एका गावाची कहाणी उभी राहते. उत्खननाच्या छावणीत अशा बैठकीला वेगळे निमंत्रण लागत नाही. दिवसभराच्या नोंदी मावळतीनंतर ताळ्यावर आणाव्याच लागतात. नवखा विद्यार्थी तेथे अनुभवी माणसाची वही वाचतो आणि अनुभवी माणसाला नवख्याच्या भाबड्या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. ते उत्तर देता आले नाही, तर दुसऱ्या दिवशी खड्ड्यात उतरून पुन्हा पाहावे लागते.

सांकलिया १९७३ साली निवृत्त झाले. उत्खनन त्यानंतर दहा वर्षे चालू राहिले, आणि मुख्य अहवाल १९८८ साली, ढवळीकर, सांकलिया आणि अन्सारी या तिघांच्या नावाने, दोन भागांत प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, १९८९ च्या जानेवारीत, सांकलियांचे निधन झाले. एकाच गुरूच्या बळावर उभे असलेले काम त्याच्या निवृत्तीबरोबर थांबते, असे आपण कितीदा पाहतो. येथे ते थांबले नाही. गुरूने शिष्यांना केवळ आपल्याशी बांधले असते, तर ते थांबले असते. त्याने त्यांना एकमेकांशीही बांधले होते. ढवळीकरांनी पुढे "महाराष्ट्राची कुळकथा" लिहून हे सर्व ज्ञान सामान्य मराठी वाचकाच्या हाती दिले.

शिष्याचा मतभेद

गुरूचे म्हणणे पुढे नेणे एवढेच शिष्याचे काम असते तर विद्या एका जागी थिजून गेली असती. पाच खोल्यांचे घर मुखियाचे असावे आणि उत्तर जोर्वे काळातील अवनतीचे कारण पाऊसमान घटणे हे असावे, अशी मांडणी ढवळीकरांनी केली. ती अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांत मान्य होती. जॉन लुकाच यांच्या विद्यार्थिनी ग्वेन रॉबिन्स शुग यांनी ऑरेगन विद्यापीठात २००७ साली डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. त्यात इनामगावचाही अभ्यास होता. २०११ साली त्यांचा ग्रंथ निघाला. डेक्कन कॉलेजने जपून ठेवलेल्या लहान मुलांच्या हाडांवरून त्या मुलांची वाढ कशी झाली, ती उपाशी राहिली का, याचा शोध त्यांनी घेतला. उत्तर जोर्वे काळातील मुलांच्या वाढीवर ताण पडल्याच्या खुणा त्यांना दिसल्या. पण या सर्वाला दुष्काळ हे एकच सरळ कारण देणे त्यांना पुरेसे वाटले नाही. हवामान, लोकवस्ती आणि अन्न मिळवण्याच्या रीती यांचा एकत्र विचार त्यांनी मागितला.

तीन हजार वर्षांपूर्वी घोडनदीच्या काठी आईबापांनी कुंभात ठेवलेली ती बाळे. त्यांची हाडे एका पिढीने काळजीपूर्वक काढली, दुसऱ्या पिढीने मोजली आणि तिसऱ्या पिढीने त्यांना नवा प्रश्न विचारला. पहिल्या पिढीच्या नोंदी चोख नसत्या तर तिसऱ्या पिढीला मतभेद नोंदवणेही शक्य झाले नसते. आपले मत खोडून काढता येईल इतक्या प्रामाणिकपणे पुरावा मांडून ठेवणे, ही गुरूची सर्वांत कठीण परीक्षा आहे. आणि तिची तयारी शिष्यांच्या बैठकीत होते. ज्या मार्गदर्शकाने आठवड्यातून एकदा विद्यार्थ्यांचे आक्षेप शांतपणे ऐकण्याची सवय लावून घेतली आहे, त्याला छापील मतभेद बोचत नाही.

आजचे नियम आणि आजची गरज

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमावलीत पीएच.डी.पूर्वी अभ्यासक्रम सक्तीचा केला. २०१६ च्या नियमांनी प्रत्येक विद्यार्थ्यासाठी संशोधन सल्लागार समिती आणली आणि विद्यार्थ्याने दर सहा महिन्यांनी तिच्यापुढे प्रगती मांडावी, असे ठरवले. २०२२ च्या नियमांतही प्रत्येक सत्रात असे सादरीकरण आहे. एका प्राध्यापकाने आठहून, सहयोगी प्राध्यापकाने सहाहून आणि सहायक प्राध्यापकाने चारहून अधिक विद्यार्थी घेऊ नयेत, अशी मर्यादाही आहे. हे नियम स्वागतार्ह आहेत. पण समिती ही परीक्षकांची असते. तिच्यापुढे विद्यार्थी आपले धड झालेले काम नेतो. बिघडलेले, अडलेले, अर्धवट काम घेऊन जाण्याची जागा निराळी हवी. एका मार्गदर्शकाकडे सहा किंवा आठ विद्यार्थी असतील, तर ती जागा आयतीच तयार आहे. त्यांनी एकत्र बसण्याचा अवकाश.

अशा बैठका कशा चालाव्यात, याविषयी जुन्या परंपरेतून आम्ही काही गोष्टी वेचल्या आहेत. दिवस आणि वेळ ठरलेली असावी. मार्गदर्शक परगावी असला तरी बैठक चुकू नये. प्रत्येक वेळी एकाने दोन-तीन पाने लिहून आणावीत आणि ती इतरांना आधी मिळावीत. तोंडी बोलण्यात जी फट झाकली जाते ती लिहिण्यात उघडी पडते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने आधी बोलावे आणि मार्गदर्शकाने शेवटी. गुरू प्रथम बोलला की बाकीच्यांची जीभ टाळूला चिकटते. कोणी काय करायचे ठरले ते चार ओळींत लिहून ठेवावे आणि पुढच्या बैठकीची सुरुवात त्या ओळींनी व्हावी. काम झाले नसेल त्याने तसे सांगावे आणि त्याबद्दल कोणाचीही शोभा केली जाऊ नये. चारचौघांत अपमान झालेला विद्यार्थी पुढच्या बैठकीला येत नाही, आणि पुढे तर मार्गदर्शकाचा दूरध्वनीही उचलत नाही. बैठक ही मार्गदर्शकाबरोबरच्या एकांतातील भेटीची जागा घेऊ शकत नाही, हेही ध्यानात असावे. आजारपण, पैशांची अडचण, घरचा ताण या गोष्टी मंडळात बोलण्याच्या नसतात.

विद्यार्थिनींचा विचार वेगळा करावा लागतो. संशोधन करणारी सून किंवा आई सायंकाळच्या बैठकीला राहू शकत नाही. दौंडहून लोकलने पुण्याला जाणाऱ्या मुलीला परतीची गाडी गाठायची असते, आणि शिरूरहून एस.टी.ने जाणाऱ्या मुलाचे दोन-अडीच तास वाटेतच जातात. अशांसाठी बैठकीची वेळ दुपारची ठेवणे ही किरकोळ सवलत नाही. त्यावर एखाद्याचा प्रबंध पुरा होणे किंवा न होणे अवलंबून असू शकते.

येथपर्यंतचे काम विद्यापीठांचे झाले. कुटुंबांचे कामही थोडे नाही. घरातील संशोधकाला "कधी संपणार?" असे विचारण्याऐवजी "या महिन्यात काय सापडले?" असे विचारून पाहावे. त्याला सोप्या मराठीत सांगावे लागेल. जे घरच्यांना समजावता आले ते परीक्षकांनाही समजावता येते. त्याच्या बैठकीच्या दिवशी घरातील इतर कामे त्याच्यावर टाकू नयेत. आणि आमची धर्मग्रामांना एक सूचना आहे. शिरूर, दौंड आणि आसपासच्या धर्मग्रामांतून निरनिराळ्या विषयांत पीएच.डी. करणारी मुलेमुली विखुरलेली आहेत. एक रसायनशास्त्रात, दुसरी मराठी साहित्यात, तिसरा शेतीशास्त्रात. महिन्यातून एका रविवारी मिस्सानंतर सभागृहातील एक खोली त्यांना द्यावी. त्यांचे विषय जुळणार नाहीत, पण सांकलियांच्या शिष्यांच्याही नद्या वेगवेगळ्या होत्या. एकमेकांच्या नद्या त्यांनी ऐकून घेतल्या, तशी ही मुलेही ऐकून घेतील. चहाची व्यवस्था महिला मंडळाने करावी, हे सांगण्याची आवश्यकता नाही. ती आपल्याकडे न सांगता होते. अट एकच असावी : प्रत्येकाने काही तरी लिहून आणावे.

उद्या यांच्यापैकी कोणाचा प्रबंध छापून घरी आला, तर वाचकांनी मुखपृष्ठ पाहून तो कपाटात ठेवू नये. प्रारंभीचे ऋणनिर्देशाचे पान उघडून त्यातील नावे मोठ्याने वाचावीत. घरातील लहान मुलांना ती ऐकू द्यावीत, म्हणजे पुढे त्यांची वेळ येईल तेव्हा ती एकटीच बसून राहणार नाहीत.